दात काढले, साखर उतरली. आता सुई किती द्यायची?

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ६१. मला स्वतःला चौदा वर्षांपासून शुगर आहे, दोन्ही टाइम इन्सुलिन घेते. आमचा बोका बंड्या अकरा वर्षांचा. मागच्या दिवाळीत त्यालाही शुगर निघाली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ दोन-दोन युनिट देते. त्याच्या तोंडाचा फार वास यायचा, म्हणून सोमवारी नागपूरला नेऊन सात दात काढले. आता दोन दिवस झाले, ताटली हुंगते अन् परत जाते. काल संध्याकाळी सुईच्या आधी मशीनवर पाहिलं तर ९६. नेहमी तीनशेच्या वर राहायची. भीतीनं सुई दिली नाही. आज सकाळी १०८. मुलगा म्हणते, डॉक्टरनं सुई चुकवायची नाही म्हणून बजावलं होतं, दे. देऊ का नोको देऊ? शेजारीण म्हणाली, म्हाताऱ्या बोक्याचे दात काढून पाप केलं, आता तो उपाशी मरन. गावातले लोक हासतात, माणसाले दवाई भेटत नाही अन् इले बोक्याले इन्सुलिन पाह्यजे. खरंच माहं चुकलं का?

उत्तर

ताई, नातवानं तुमच्या पत्राचा फोटो पाठवला आणि खाली नंबर लिहिला, हे फार बरं झालं. सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखा हा प्रश्न नव्हता, म्हणून त्याच दुपारी तुम्हाला फोन केला. नंतर तुम्ही नागपूरच्या डॉक्टरांशी बोललात आणि त्यांनी डोस उतरवून दिला. तरी सगळं इथे सविस्तर लिहिते. फोनवर बरंच राहून गेलं, आणि घरात शुगरचं मांजर असलेली तुमच्यासारखी माणसं खेड्यापाड्यांत आता बरीच आहेत.

पहिली गोष्ट, सुई दिली नाहीत ते अगदी बरोबर केलंत. ९६ साखर आणि पोट रिकामं असताना दोन युनिट गेली असती, तर त्या रात्री बंड्या आपल्या हातात राहिला असता की नाही, सांगता येत नाही.

मुलाचंही चुकलं नाही. डॉक्टरांनी सुई चुकवू नका म्हणून बजावलं असेल, पण ते खात्यापित्या बोक्यासाठी. एक वाक्य वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा: एखादी सुई चुकली तर मांजर मरत नाही, एखादी जास्तीची सुई मात्र मारू शकते.

आता साखर एकदम खाली का आली ते सांगते. तुम्हाला ते लवकर कळेल, कारण हे तुम्ही स्वतःच्या अंगावर अनुभवलं असेल. पायाला जखम झाली, ताप आला, गळू झालं की तुमची मशीन वरचे आकडे दाखवायला लागते ना? खाणं तेच, इन्सुलिन तेच, तरी साखर चढते. अंगात कुठे पू असला की इन्सुलिन नीट लागू पडत नाही. बंड्याच्या हिरड्यांमध्ये हा पू कितीतरी महिन्यांपासून, कदाचित वर्षांपासून होता. दिवाळीत ठरलेली दोन युनिटं त्या सडक्या तोंडाच्या बोक्यासाठी ठरली होती. सोमवारी ते दात गेले, आणि इन्सुलिनला अडवणारी गोष्टच निघून गेली. त्यातच त्याचं दोन दिवस खाणं नाही, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी दूध-पोळी बंद करायला सांगितल्यामुळे घरच्यांनी तीही त्याच दिवशी बंद केली. साखर उतरवणारी तीन कारणं एकाच आठवड्यात आली आणि डोस मात्र जुनाच राहिला. दातांच्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन-तीन आठवडे शुगरच्या मांजरासाठी म्हणूनच नाजूक असतात. लोकांचं सगळं लक्ष टाक्यांकडे असतं. माझ्या मते ते साखरेकडे जास्त असायला हवं.

तर रोजचा क्रम असा ठेवा. आधी साखर बघायची, मग खायला द्यायचं, त्यानं खाल्लं की सुई. सध्या सुईच्या आधीची साखर दोनशेच्या खाली आली, तर सुई बाजूला ठेवून डॉक्टरांना फोन करा. साखर वर आहे पण त्यानं निम्मंच खाल्लं, तरीही फोन; अशा वेळी बहुधा डोस निम्मा करतात, पण तो किती करायचा हे त्याचं अंग पाहिलेल्या डॉक्टरांनीच सांगावं. आपली माणसांची मशीन मांजराच्या रक्ताची साखर जरा कमी दाखवते. त्यानं घाबरू नका, फक्त मशीन एकच ठेवा आणि रोज त्याच मशीनवर बघा. नागपूरच्या दवाखान्यात त्याची साखर खूप दिसली होती म्हणालात. घाबरलेल्या मांजराची साखर तशीही तीनशेपर्यंत उडी मारते, शुगर नसलेल्या मांजराचीसुद्धा. तुमच्या ओसरीवर, तुमच्या मांडीवर घेतलेला आकडा जास्त खरा.

कानातून रक्त काढताना तुमचा हात कापतो म्हणालात. कानाच्या अगदी कडेनं एक बारीक नस जाते, उजेडात धरलं की दिसते. कानाच्या आतून कापसाचा बोळा लावा म्हणजे आपलं बोट टोचलं जात नाही, आणि नसेच्या जवळ कडेला एकदाच, झटक्यात टोचा. मोहरीएवढा थेंब पुरतो. हिवाळ्यात कान आधी हातानं चोळून गरम करावा लागतो, या दिवसांत आपल्याकडे त्याची गरजच नाही. नंतर अर्धा मिनिट दाबून धरा आणि लगेच चिकनचा एक तुकडा द्या. चार दिवसांत तो मशीनचा डबा उघडल्याचा आवाज ऐकून स्वतःच येऊन बसेल.

साखर फार उतरली तर काय होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. तुम्हाला घाम येतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. बोका बोलत नाही, पण त्याचंही तसंच होतं: झिंगल्यासारखा चालतो, डोळे एका जागी लागतात, अंग थरथरतं, हाक मारली तर ओळख देत नाही, आणि शेवटी झटके येतात. फोनवर तुम्ही म्हणालात की तो दिवाळीपासूनच मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालतो. ते वेगळं. जुन्या शुगरनं पायांच्या नसा दुबळ्या होतात म्हणून तसं चालणं येतं, आणि साखर ताब्यात राहिली तर काही महिन्यांत ते सुधारूही शकतं. सकाळी बरा होता आणि दुपारी अचानक भेलकांडला, तर मात्र आधी मशीन काढा. आकडा साठच्या खाली असेल तर वेळ घालवू नका. मशीन हाताशी नसेल तरी थांबू नका. ग्लुकोज पावडर चमचाभर पाण्यात कालवून, नसेल तर मध किंवा गुळाचं घट्ट पाणी, बोटानं हिरडीला लावा. टाके नसलेल्या बाजूनं लावा. शुद्धीत नसेल तर तोंडात ओतू नका, छातीत जाईल. झटके येत असतील तर बोटही आत घालू नका, ओठाच्या कडेला कापसानं लावा. सावरला की लगेच खायला द्या, आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी साखर बघत राहा, कारण साखरेचं पाणी थोड्या वेळात ओसरतं आणि इन्सुलिन मात्र अंगात तासन्‌तास काम करत असतं. तोवर कुणाला तरी गाडी काढायला सांगा. जवळच्या ढोरांच्या दवाखान्यात मांजराचा अनुभव कमी असेल, पण ग्लुकोजची सलाईन तिथेही असते.

आता दुसरी बाजू. साखर कमी म्हणून सुई बंद, आणि खाणंही बंद, असं दिवसभर चालू देऊ नका. मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर जाऊन बसते. गुबगुबीत बोक्यांना याचा धोका जास्त, आणि तुमचा सहा किलोचा आहे. शुगरच्या मांजरात त्यावर आणखी कीटोनचं, म्हणजे रक्तात आम्ल साठण्याचं, संकट असतं: उलट्या, मलूलपणा, श्वासाला नेलपॉलिशसारखा वास. चोवीस तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दोन दिवस झाले तर सरळ घेऊन जा. तुमच्याकडून नागपूरपेक्षा अकोला जवळ पडतं, आणि तिथल्या पशुवैद्यकीय पदव्युत्तर संस्थेच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांनाही बघतात.

यापुढचा मुद्दा तुम्ही विचारलाच नव्हता, आणि मला झोप लागू दिली नाही ती यानंच. फोनवर मी विचारलं, त्याचं इन्सुलिन कुठे ठेवता, तर म्हणालात, माझ्याच शेजारी, फ्रिजच्या दारात, आणि सिरिंजही एकाच डब्यात.

ताई, तुमची बाटली ४० ची आहे, त्याची १०० ची. म्हणजे एका मिलीलिटरमध्ये तुमच्या बाटलीत ४० युनिट आणि त्याच्या बाटलीत १००. आपल्याकडे दोन्ही मिळतात, म्हणून सिरिंजही दोन प्रकारच्या येतात: लाल टोपणाची ४० साठी, केशरी टोपणाची १०० साठी. घाईत त्याचं इन्सुलिन तुमच्या लाल सिरिंजमध्ये दोनच्या खुणेपर्यंत भरलं गेलं, तर त्याच्या अंगात दोन नाही, पाच युनिट जातील. सहा किलोच्या जिवाला. उलटं झालं, तुमची वीस युनिटं केशरी सिरिंजनं घेतली, तर तुम्हाला आठच मिळतील आणि दिवसभर साखर का चढली ते कळणार नाही. आजच दोन वेगळे डबे करा. त्याचा डबा वरच्या कप्प्यात, तुमचा खाली, आणि त्याच्या डब्यावर नातवाकडून मोठं मांजर काढून घ्या. आणखी एक खूण: तुमचं ३०/७० इन्सुलिन घोळवल्यावर दुधासारखं दिसतं, त्याचं ग्लार्जिन इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं. सुई भरल्यावर उजेडात धरून बघायची सवय लावा. त्याची बाटली गढूळ दिसली तर फेकून द्या. तुमची बाटली तळहातांत घोळवून घ्यायची असते, त्याची घोळवायची गरज नाही, आणि जोरानं हलवायची तर दोन्ही नाहीत. त्याला शून्य पूर्णांक तीन मिलीच्या, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेल्या केशरी सिरिंज मिळाल्या तर उत्तम. यवतमाळच्या एखाद्या मोठ्या मेडिकलवाल्याला मागवून द्यायला सांगा. डोस उतरायला लागला की अर्ध्या युनिटला फार किंमत येते. वापरलेल्या सुया उकिरड्यावर टाकू नका, तिथं पोरं आणि ढोरं दोन्ही फिरतात. जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत भरून, बूच लावून दवाखान्यात द्या.

वैशाखाचे दिवस आहेत, पारा पंचेचाळीसला टेकतो आणि लाइट दुपारी जाते ती संध्याकाळीच येते. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर दोन-तीन तास चिंता नाही. त्याहून जास्त वेळ गेली तर दोन्ही बाटल्या नीट बांधलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत घालून, घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यातल्या माठाच्या गार पाण्यात ठेवा. बर्फाला थेट लावू नका. गोठलेलं इन्सुलिन दिसायला तसंच राहिलं, तरी कामाचं राहत नाही.

खाण्याचं बघू. तुमच्या शेजारणीला सांगा, मांजर दातांनी आपल्यासारखं चावत नाही. त्याचे दात शिकार धरायला आणि लचका तोडायला असतात, घास ते बहुतेक गिळतंच. सगळे दात काढलेली मांजरं मी वर्षानुवर्षं मजेत जेवताना पाहिली आहेत, बंड्याचे तर सातच गेले. सध्या तो ताटलीपाशी येऊन परत जातो, म्हणजे त्याला भूक आहे, पण तोंड दुखतंय किंवा वास येत नाहीये. चिकनचे बिनहाडाचे तुकडे नुसत्या पाण्यात शिजवा. मीठ, तिखट, कांदा, लसूण काही नको. घरच्या रश्शातला तुकडा धुऊन दिला तर चालेल का, असं सूनबाईंनी विचारलं होतं. नाही चालणार. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, आणि रश्शात मुरलेलं धुऊन जात नाही. शिजलेलं चिकन मिक्सरमधून काढा, त्याच पाण्यात कालवून पिठल्याएवढं सैल करा, आणि कोमट असतानाच द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, लहान बाळाच्या दुधाचं बघतो तसं. गार अन्नाला वास नसतो, आणि मांजर आधी नाकानं जेवतं. खोलगट वाटीत नको, पसरट ताटलीत द्या, म्हणजे टाक्यांना कड लागणार नाही. तरी नाही शिवला तर बोटावर घेऊन नाकाखाली धरा. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. चिकन आठवडी बाजारालाच मिळत असेल तर मधल्या दिवसांत उकडलेलं अंडं कुस्करून द्या. दहा-पंधरा दिवस कोरडं, कडक काही नको.

हे चिकन-अंडं आत्ता पोटात काहीतरी जावं म्हणून. कायमचं नुसत्या उकडलेल्या चिकनवर ठेवू नका. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य अन्नातूनच लागतं, ते उकळताना पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणीही द्यायचं. पुढे शुगरच्या मांजराचं ओलं तयार अन्न डॉक्टरांकडून ठरवून घ्या. दूध, पोळी, भात, बिस्कीट मात्र कायमचं बंद. नातवाला जवळ बसवून सांगा, तो चोरून बिस्कीट देतो हे तुम्हीच फोनवर सांगितलंत. आणि यापुढे खाण्यात मोठा बदल केलात की आधी डॉक्टरांना कळवा. पोळी गेली आणि मांस आलं की साखर आपोआप उतरते, डोसही त्याबरोबर उतरवावा लागतो.

दुखण्यासाठी नागपूरहून दिलेलं औषध सांगितलं तेवढंच द्या. घरातली कोणतीही गोळी त्याला देऊ नका. नोकरीत असताना पुसदकडच्या एका खेड्यात एका बाईनं तिच्या मांजरीला तापासाठी पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून दिली होती. सकाळी माझ्याकडे आणली तेव्हा तिचा चेहरा सुजला होता आणि हिरड्या मातकट तपकिरी झाल्या होत्या. दुपारपर्यंत ती गेली. त्या बाईनं मायेनंच दिली होती. मांजराच्या लिव्हरला ते औषध पचवताच येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्याही वाटेला जाऊ नका. आणि गावाजवळच्या दवाखान्यात कशासाठीही नेलंत तर सुई भरायच्या आधीच सांगा: याला शुगर आहे, स्टेरॉइड देऊ नका. ढोरांच्या उपचारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सर्रास वापरतात, पण एका सुईनं बंड्याची साखर कितीतरी दिवस वर राहील.

तोंड रोज उघडून बघू नका. टाके आपोआप विरघळणारे आहेत, दोन ते चार आठवड्यांत जातील. पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबी दिसली तर ठीक. आता मात्र रक्त, पुन्हा तोच घाण वास, डोळ्याखाली सूज, किंवा पंजानं सारखं तोंड खाजवणं दिसलं तर दाखवा. पंधरा दिवस त्याला घरातच ठेवा. कोठ्यात ढेपेच्या पोत्यांमागे जाऊन बसला तर साखर उतरलेली कुणाला दिसणार नाही.

आणि ते पापाचं. ताई, मांजर दुखणं दाखवत नाही. दुखऱ्या दातांनी तो किती दिवस जेवत होता, हे कुणालाच कळलं नसतं. तुम्हाला वास आला, तुम्ही त्याला पिशवीत घेऊन एसटीनं नागपूरला गेलात आणि ते थांबवलंत. तुमची शेजारीण दुष्ट नाही, तिनं असं कधी पाहिलेलं नाही. हसणाऱ्यांना काही समजावत बसू नका. काही मांजरांचं दात गेल्यावर, खाणं सुधारल्यावर इन्सुलिन हळूहळू सुटतंसुद्धा. बंड्याचं सुटेलच असं मी म्हणणार नाही, पण ९६ आणि १०८ हे आकडे बघून मला आशा वाटते, हे तुमच्यापासून लपवत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुमच्या हिरड्यांतून ब्रश करताना रक्त येतं का? चौदा वर्षांची शुगर आहे, आणि शुगर-हिरड्यांचं जे नातं बंड्याचं, तेच माणसाचंही. शुगरनं हिरड्या सडतात आणि सडक्या हिरड्यांनी शुगर वाढते. दारव्ह्याला दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या.

बंड्याच्या वहीत रोज चार रकाने करा: वेळ, साखर, किती खाल्लं, किती युनिट. पाणी किती वेळा भरलं तेही कोपऱ्यात लिहा. दर रविवारी कापडी पिशवीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचं वजन करा. दहाव्या दिवशी टाके दाखवायला जाल तेव्हा ही वही सोबत न्या. आणि गुरुवारी सकाळची साखर बघितली की, सुई भरायच्या आधी, मला एक फोन करा. मी सहापासून जागी असते.